दप्तर कोणासाठी उघडते?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



शंभरी गाठलेल्या ग्रंथालयात सरकारी दप्तराविषयी बोलणे म्हणजे एका घरी बसून त्याच्याच भाऊबंदाची कथा सांगणे होय. दोन्ही घरे कागद जपणारी. वाळवी, ओल, उंदीर आणि आग हे दोहोंचे समान शत्रू. तथापि दोहोंच्या स्वभावात मोठे अंतर आहे. ग्रंथालयात आलेला कागद कोणीतरी वाचावा म्हणूनच छापलेला असतो आणि वर्षभरात किती पुस्तके सभासदांच्या घरी गेली हा आकडा वार्षिक अहवालात अभिमानाने दिला जातो. दप्तरखान्यात दीर्घकाळ याच्या उलट रीत चालत आली. कागद बाहेर जाऊ न देणे हीच तेथे इमानाची चाकरी समजली जाई.

भ्रष्टाचाराविषयी आज पुष्कळ बोलले जाते. माणसांची नीती ढासळली, कायदे ढिले पडले, शिक्षा होत नाहीत, अशी कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. परंतु शिक्षा व्हावयाची तर पुरावा हवा आणि सरकारी पैशाच्या अपहाराचा पुरावा बहुधा एखाद्या पावतीत, हजेरीपटात, नस्तीवरील टिपणीत अथवा आवक-जावक वहीच्या एका ओळीत दडलेला असतो. साक्षीदार साक्ष फिरवतो, अधिकाऱ्याची बदली होते, ठेकेदार गाव सोडतो; कागद मात्र जागेवर राहतो, अर्थात त्याला राहू दिले तर! म्हणून भ्रष्टाचाराचा विचार करताना दप्तरखान्याचा विचार टाळता येत नाही.

कागदाने साक्ष द्यावी यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. तो वेळच्या वेळी लिहिला जावा, जागच्या जागी जपला जावा आणि ज्याचे नुकसान झाले त्याला तो पाहता यावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींचे भान आपल्या देशात पुरातन आहे. तिसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे आणि तिच्यासाठी फार मोठे मोल द्यावे लागले आहे. दप्तर कोणासाठी उघडते, या एकाच प्रश्नाभोवती पुढील विवेचन फिरणार आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अक्षपटल’ नावाच्या कचेरीचे वर्णन आहे. राज्यातील विविध खात्यांचे हिशेब आणि नोंदींच्या वह्या तेथे ठेवावयाच्या, ठरल्या मुदतीत जमाखर्च सादर करावयाचा आणि उशीर किंवा फेरफार झाल्यास दंड भरावयाचा, अशी व्यवस्था त्यात सांगितली आहे. सरकारी धन गिळण्याचे चाळीस प्रकारही कौटिल्याने मोजून दाखविले आहेत. दप्तर आणि अपहार ही दोन प्रकरणे त्या ग्रंथात शेजारी शेजारी यावीत हे अर्थपूर्ण आहे. विशेष म्हणजे शतकानुशतके दृष्टीआड राहिलेला हा ग्रंथ विद्वानांना मिळाला तोही एका ग्रंथालयाच्या कृपेने. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आलेल्या पोथीवरून आर. शामशास्त्री यांनी तो १९०९ मध्ये प्रसिद्ध केला.

मराठी माणसाला दप्तर या शब्दाबरोबर आठवते ते पेशवे दप्तर. इतिहासाचे साधन म्हणून त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे; परंतु ते इतिहासकारांसाठी निर्माण झालेले नव्हते. रयतेकडून आलेला पैसा सरकारात पोहोचला की वाटेत जिरला, हे पाहण्याची ती यंत्रणा होती. कारकुनांनी रोज लिहिलेली रोजकीर्द, महालांचे ताळेबंद आणि खतावण्या कापडी रुमालांत बांधून ठेवल्या जात. पुण्याच्या हुजूर दप्तरात चालू कामकाजाचे दप्तर वेगळे आणि साऱ्या मुलखाच्या जमाखर्चाचा गोषवारा करणारे एकबेरीज दप्तर वेगळे होते. नाना फडणिसांच्या काळात येथे दोनशेहून अधिक कारकून राबत असत.

या व्यवस्थेचे मर्म एकमेकांवर अवलंबून नसलेल्या नोंदींत होते. महालाचा कारभार मामलेदार किंवा कमाविसदार पाही. परंतु त्याच्या कचेरीतील मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी दरखदार थेट सरकारचे नेमलेले असत. मामलेदाराला त्यांना दूर करता येत नसे. हिशेबावर त्यांची निशाणी लागे. शिवाय गावात कुलकर्ण्याचे आणि परगण्यात देशपांड्याचे दप्तर स्वतंत्रपणे लिहिले जाई. मामलेदाराने पाठविलेला हिशेब या वतनदारांच्या हिशेबाशी ताडून पाहिला जाई. एकट्याने लिहिलेला कागद खोटा असू शकतो; परस्परांशी हितसंबंध नसलेल्या तिघांनी लिहिलेले तीन कागद एकाच रीतीने खोटे असणे अवघड. आजच्या लेखापरीक्षणाचे तत्त्व याहून निराळे नाही.

तथापि ही व्यवस्था निर्मळ होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. १८१८ नंतर पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिताना माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ‘दरबारखर्च’ आणि ‘अंतस्त’ या बाबींचे मोठे मार्मिक वर्णन केले आहे. मंत्र्यांना आणि हिशेबनिसांना गुपचूप द्यावयाच्या रकमा रयतेकडून जादा वसूल होऊ लागल्या. हळूहळू त्या ठरीव झाल्या आणि सरकार त्या उघडपणे मागू लागले. मग लपविण्यासारखी नवी लाच निर्माण झाली, तिच्यासाठी आणखी वसुली आली आणि त्या वसुलीकडे काणाडोळा करण्यासाठी पुन्हा वेगळी लाच द्यावी लागली. लाच जमाखर्चात लिहिली गेली की ती लाच उरत नाही, ती दस्तुरी होते. आणि भार अखेरीस रयतेच्याच डोक्यावर येतो. कागद लिहिला जाणे एवढ्यानेच प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही, हा धडा येथे मिळतो.

दुसरा धडा याहून कठोर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महाल मक्त्याने देण्याची पद्धत बळावली. जो अधिक रक्कम बोलेल त्याला महाल मिळे आणि त्याने रयतेकडून किती वसूल केले याची चौकशी करण्याचे सरकारला कारण उरले नाही. ज्या राजवटीला हिशेब नकोसा झाला तिला दप्तर तरी कशाला हवे? इंग्रजी अमलाच्या आरंभी हे दप्तर लावण्याचे काम ज्या मॅक्लिऑड नावाच्या अधिकाऱ्याकडे होते त्याने लिहून ठेवले आहे की, या काळात दप्तराकडे केवळ दुर्लक्ष झाले नाही, तर कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडीत निघाला आणि लोकांना कागद उचलून नेण्याची मोकळीक मिळाली. शेवटच्या वर्षांचेच कागद अधिक गहाळ आढळले. दप्तर विस्कळीत होणे हे कारभार सडल्याचे केवळ लक्षण नसते, सड झाकण्याची ती सोयही असते. कोणत्याही कचेरीत अलीकडचेच आणि मोक्याचेच कागद सापडेनासे होतात तेव्हा हे स्मरणात ठेवावे.

राजवट बदलली आणि हे दप्तर नव्या धन्याच्या हाती गेले. १८४३ मध्ये धारवाड, बेळगाव या दक्षिण मराठा मुलखात इनामांची चौकशी सुरू झाली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले. ज्यांच्याकडे करमुक्त जमिनी होत्या त्यांनी आपला हक्क सिद्ध करावयाचा होता. या चौकशीची एक बाजू न्याय्य होती, हे मान्य केले पाहिजे. बनावट सनदांचा सुळसुळाट होताच आणि सनदेवरील तारीख दप्तरातील त्याच दिवसाच्या नोंदीशी ताडली की लबाडी उघडी पडे. पुढे ‘लोकहितवादी’ म्हणून ख्यात असलेले गोपाळ हरी देशमुख यांनीही या कमिशनमध्ये अधिकारपद सांभाळले होते.

परंतु त्याच कमिशनने खऱ्या हक्कदारांनाही हवालदिल केले. पिढ्यानपिढ्यांचा कागद हरवलेला, जळालेला अथवा भाऊबंदकीत वाटला गेलेला. ज्या दप्तरात त्याची नोंद असण्याचा संभव होता ते सरकारच्या कुलपात, कुलपाची किल्ली दावा तपासणाऱ्या कमिशनच्या कमरेला आणि निर्णयावर दिवाणी न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही! दक्षिण मराठा मुलखात १८५७-५८ च्या सुमारास जो असंतोष धुमसला त्याच्या कारणांत इनाम कमिशनची गणना इतिहासकार करतात. दप्तर तेच, रुमाल तेच. पूर्वी ते कमाविसदारावर नजर ठेवण्यासाठी उघडत होते, आता ते प्रजेच्या हक्कांवर नजर ठेवण्यासाठी उघडू लागले. दोन्ही वेळी ते उघडणारा हात राज्यकर्त्याचाच होता. एका पक्षालाच पाहता येणारा पुरावा कितीही खरा असला तरी त्यातून न्यायाची खात्री मिळत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कुलपावर पहिला घाव घातला तो विद्येने. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे पेशव्यांच्या रोजनिशा म्हणून प्रसिद्ध होऊ लागले आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना विवेचक प्रस्तावना लिहिली. लढायांच्या पलीकडे राज्याचा कारभार, करपद्धती आणि न्यायनिवाडे यांचे दर्शन घडविणारे हे कागद आहेत, हे रानड्यांनी वाचकांच्या ध्यानात आणून दिले. तरीही मूळ दप्तर संशोधकांना सहजासहजी पाहता येत नसे आणि ते खुले करावे ही मागणी पुण्याच्या विद्वानांनी वर्षानुवर्षे लावून धरली होती.

त्या मागणीचे फळ पदरात पडले त्याचे नाते बडोद्याशी आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे १९३० च्या सुमारास पेशवे दप्तरातील निवडक कागद संपादण्याचे काम आले आणि पंचेचाळीस खंड प्रसिद्ध झाले. सर जदुनाथ सरकार यांचा या कार्याला भक्कम पाठिंबा होता. गोव्यात पोर्तुगिजांनी १५९५ मध्ये स्थापन केलेल्या दप्तरखान्यातही विसाव्या शतकात पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यासारखा अधिकारी लाभला आणि मराठ्यांच्या इतिहासाची अनेक दालने उजेडात आली. पूर्वी राज्यकर्त्यांसाठीच असलेले दप्तर आता विद्वानांसाठी उघडले. मात्र ज्याच्या घामाचा हिशेब त्यात लिहिला होता तो मजूर आणि शेतकरी अद्याप दाराबाहेरच होता.

तो दाराशी येऊन उभा राहिला तो राजस्थानात. १ मे १९९० रोजी राजसमंद जिल्ह्यातील देवडूंगरी परिसरात मजूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावोगावचे शेतमजूर या संघटनेत होते. दुष्काळी कामावर दिवसभर खपूनही सरकारने ठरविलेली किमान मजुरी हाती पडत नसे. विचारणा केली की उत्तर ठरलेले असे : कागदावर काम कमी भरले आहे. कागद दाखवा म्हटले की दुसरे उत्तर : तो सरकारी कागद आहे, दाखविता येत नाही. या दोन उत्तरांच्या चिमट्यात मजूर अडकला होता. उपोषणे झाली, धरणी झाली आणि त्यांतून एक साधा विचार पक्का झाला. जोवर हजेरीपट, बिले आणि पावत्या कुलपात आहेत, तोवर मजूर खोटाच ठरणार!

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना या गावी पहिली जनसुनावणी भरली. कायद्याचा कसलाही आधार नसताना हाती आलेल्या पंचायतीच्या कामांच्या नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचण्यात आल्या. त्या सभेत भाषणांची आतषबाजी नव्हती. हजेरीपटावरील एकेक नाव पुकारले जाई आणि लोक सांगत की हा तर कामावर कधी आलाच नाही, त्या सहीची मजुरी कोणाला मिळालीच नाही. कागदावर पुरे झालेले काम गावात अर्धवट उभे होते. सरकारी लेखापरीक्षकाला कागदाशी कागद ताडून पाहता येतो. कागदाशी गाव ताडून पाहण्याचे सामर्थ्य गावकऱ्यांशिवाय कोणाजवळ असणार? ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा स्त्रीपुरुषांनी त्या दिवशी उत्कृष्ट लेखापरीक्षण केले.

त्यानंतरचा संघर्ष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. अशा सुनावण्या अन्यत्र होऊ लागताच कागद दाखविण्याच्या मागणीविरुद्ध ग्रामसेवकांनी संप पुकारला. एप्रिल १९९५ मध्ये राज्य सरकारने पंचायतीच्या कागदांच्या प्रती देण्याचे आश्वासन दिले, पण वर्ष उलटले तरी ते कागदावरच राहिले. ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावर या शहरात चाळीस दिवसांचे धरणे झाले. कागद पाहण्याची मुभा देऊ, परंतु छायाप्रत देणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतली होती. भांडण एका छायाप्रतीवर येऊन ठेपले होते आणि ते क्षुल्लक नव्हते. पाहिलेला कागद दुसऱ्या दिवशी बदलता येतो. प्रत घरी नेली की मूळ कागद बदलण्याचे धैर्य कोणी करत नाही. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही त्या आंदोलनाची घोषणा देशभर पोहोचली.

येथून पुढील प्रवास अनेकांना परिचित आहे. १९२३ च्या सरकारी गुपितांच्या कायद्याने गोपनीयता हा नियम आणि प्रकटीकरण हा अपवाद अशी मनोवृत्ती मुरविली होती. १९७५ मध्ये राजनारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी, सार्वजनिक कृत्यांची माहिती मिळण्याचा लोकांना अधिकार आहे, हे तत्त्व मांडले. १९९७ मध्ये गोव्याने, २००० मध्ये राजस्थानने आणि २००२ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचे कायदे केले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहिती अधिकार कायदा पूर्णपणे अमलात आला. सामान्य नागरिकाला कागद पाहण्याचा, टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित प्रती नेण्याचा हक्क मिळाला. ब्यावरच्या धरण्यात जी प्रत नाकारली गेली होती तिचे नाव कायद्याच्या कलमात लिहिले गेले.

तथापि एक सूक्ष्म गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून निसटते. या कायद्याच्या चौथ्या कलमाचा आरंभच अभिलेखांच्या सूचीने होतो. प्रत्येक सरकारी कचेरीने आपले सर्व अभिलेख सूचिबद्ध आणि अनुक्रमित ठेवावेत, अशी तेथे आज्ञा आहे. मागणाऱ्याचा हक्क सांगण्याआधी बाळगणाऱ्याचे कर्तव्य का हवे हे ग्रंथालयाच्या सभासदांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तालिका नसलेल्या ग्रंथालयात पुस्तक असून नसल्यासारखे असते. ‘कागद देणार नाही’ हे उत्तर कायद्याने बंद होताच ‘कागद सापडत नाही’ हे नवे उत्तर जन्माला आले. पहिल्या उत्तरात निदान उद्धटपणा होता. दुसऱ्यात नम्रतेचा मुखवटा आहे.

या उत्तरालाही कायद्याचा प्रतिबंध आहे, पण तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ मध्ये संमत झाला. विहित पद्धतीवाचून कोणताही सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येणार नाही, असे तो सांगतो. १८९२ पूर्वीचा कागद तर पूर्ण जीर्ण झाल्याचे ठरल्याखेरीज नष्ट करताच येत नाही. उल्लंघन करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. महाराष्ट्रानेही २००५ चा स्वतःचा अभिलेख कायदा केला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की, एके काळी कचेरीत असलेला कागद आता सापडत नाही एवढे सांगून माहिती नाकारता येणार नाही. कसून शोध घेतला पाहिजे, तरीही न मिळाल्यास चौकशी करून जबाबदारी ठरविली पाहिजे. हरवलेली नस्ती ही दैवी आपत्ती नसून तिला कोणीतरी उत्तरदायी असतो, हे तत्त्व त्यात आहे.

याचा अर्थ प्रत्येक कागद जन्मभर सांभाळावा असा नाही. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग पाडतात : काही कायम जपावयाचे, काही ठरावीक वर्षांनी काढावयाचे. या कामाला ‘निंदणीकरण’ असा शेतातून आलेला सुंदर शब्द आहे. निंदणी करणाऱ्याला तण कोणते आणि पीक कोणते हे ओळखता आले पाहिजे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी अभिलेख कक्ष हे शिक्षेचे ठाणे समजले जाते. ज्याचे साहेबाशी पटत नाही त्याची बदली रेकॉर्डात होते. ज्या खोलीत सरकारची स्मृती आहे तेथे नाखुशीने बसलेला आणि प्रशिक्षण न मिळालेला माणूस नेमला तर निंदणीत पीक उपटले जाणार आणि तण उरणार.

जपलेल्या कागदाचे सामर्थ्य काय असते याचे उदाहरण तेव्हाच्या बिहारमधील चारा घोटाळ्याने दिले. जानेवारी १९९६ मध्ये चाईबासा येथील पशुपालन खात्यावर आणि कोषागारावर जिल्हा प्रशासनाने छापे घातले तेव्हा बिले आणि पावत्यांचे ढीग हाती आले. मंजूर तरतुदीपेक्षा कितीतरी अधिक रकमा कोषागारातून निघाल्याचे जमाखर्चच सांगत होता. जनावरांची वाहतूक केल्याच्या पावत्यांवरील वाहनांचे क्रमांक नोंदणी कचेरीतील नोंदींशी ताडले तेव्हा त्यांतील काही स्कूटरचे निघाले! पावती लिहिणाऱ्याने एक कागद खोटा केला. पण दुसऱ्या कचेरीत, दुसऱ्या कारणासाठी, दुसऱ्याच कारकुनाने लिहिलेला कागद त्याच्या हाताबाहेर होता. मामलेदाराचा हिशेब देशपांड्याच्या हिशेबाशी ताडण्याच्या युक्तीचेच हे विसाव्या शतकातील रूप होय.

आता कागदाची जागा संगणक घेत आहे. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेखाली २००० च्या सुमारास सुमारे दोन कोटी जमीन-उताऱ्यांचे संगणकीकरण झाले. बेळगाव भागातील शेतकऱ्यांना त्यापूर्वीचे दिवस आठवत असतील : गावच्या तलाठ्याच्या मर्जीवाचून उतारा मिळत नसे आणि मर्जीला किंमत असे. तालुक्याच्या ठिकाणी पंधरा रुपये भरून उतारा मिळू लागला आणि कोणत्या कर्मचाऱ्याने फेरफार केला याची नोंद यंत्रात राहू लागली. हा लाभ लहान नाही. परंतु मूळ वहीतील चूक यंत्रात तशीच उतरते आणि वारसाची नोंद करण्यासाठी अजूनही माणसाकडेच जावे लागते. मूळ वह्या फेकून दिल्यास यंत्रातील नोंद ताडून पाहण्याचे साधनच नाहीसे होईल. २१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास आग लागली, पाच माणसांचे प्राण गेले आणि अनेक नस्ती भस्मसात झाल्या. त्या आगीने शिकविले ते हेच की, एकाच जागी असलेली एकच प्रत ही प्रत नसून जोखीम आहे, मग ती कागदावर असो वा यंत्रात.

सध्या चिंता वाटावी असा एक नवा प्रश्न उभा आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात व्यक्तीच्या खाजगी माहितीला संरक्षण होतेच. मात्र सार्वजनिक कार्याशी संबंध असल्यास किंवा व्यापक लोकहित असल्यास ती देता येई. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या कलमाचे रूप पालटले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. आता ते कलम सरळ वैयक्तिक माहितीला अपवाद ठरविते. हानीपेक्षा लोकहित मोठे असल्यास माहिती देण्याचा मार्ग कायद्यातील दुसऱ्या कलमान्वये शिल्लक आहे. पण तो अधिकाऱ्याच्या तारतम्यावर अवलंबून राहील. माणसाच्या आजाराची, घरगुती गोष्टींची माहिती चव्हाट्यावर येऊ नये, हा हेतू कोणालाही मान्य होईल. तथापि कोट किराना येथे सभेत काय वाचले गेले होते, ते आठवावे. तेथे वाचली गेली ती नावेच! नावे झाकलेला हजेरीपट हा केवळ बेरजेचा कागद आहे आणि बेरीज कधीच चुकीची नसते. खोटी असतात ती नावे.

या साऱ्यात ग्रंथालयाचे काम कोणते, असा प्रश्न कोणी विचारील. बडोद्यासारख्या नगरात तो विचारण्याची गरज पडू नये. १९१० पासून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणणाऱ्या सयाजीराव महाराजांच्या राज्यातच ‘आज्ञापत्रिका’ हे सरकारी वृत्तपत्र आणि वर्षावर्षाचे राज्यकारभाराचे अहवाल छापले जात. हुकूम छापून लोकांपर्यंत पोहोचवावा आणि तो वाचता यावा म्हणून वाचनालय काढावे, या दोन गोष्टी एकाच विचाराच्या दोन बाजू होत्या. जुन्या ग्रंथालयांच्या माळ्यावर असे अहवाल, गॅझेटियर, नगरपालिकांची अंदाजपत्रके आणि विधिमंडळाचे कामकाज धूळ खात पडलेले असते. कोणी मागत नाही म्हणून ते रद्दीत घालण्याचा मोह होतो. पण सरकारी कचेरीत जेव्हा एखादा कागद सापडेनासा होतो तेव्हा अशाच एखाद्या दुर्लक्षित फडताळातील छापील प्रत सत्य सांगण्यासाठी उरलेली असते. दुसरी प्रत सरकारच्या हाताबाहेर जपणे हीच ग्रंथालयाने लोकशाहीची केलेली शांत सेवा होय.

आणखी एक काम मराठी ग्रंथालयांखेरीज कोणाला सुचणार नाही. जमिनी, वतने आणि इनामे यांचे असंख्य जुने कागद मोडी लिपीत आहेत. महाराष्ट्रात २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती वाण आहे, हे सरकारलाही कळून चुकले. जो कागद मोजक्या तीनचार माणसांनाच वाचता येतो तो कायद्याने खुला असला तरी व्यवहारात बंदच असतो. मग वाचणारा सांगेल तोच त्याचा अर्थ. ग्रंथालयांनी वर्षाला दहा तरुणांना मोडी शिकविली तरी दहा कुलपे उघडतील. त्याचबरोबर माहितीचा अर्ज कसा लिहावा, अंदाजपत्रक कसे वाचावे याचे पाठ येथल्या टेबलांवर मिळाले तर ते ग्रंथालयाच्या परंपरेला शोभेल.

कौटिल्याच्या अक्षपटलापासून ब्यावरच्या धरण्यापर्यंतचा हा प्रवास एका दृष्टीने अगदी लहान अंतराचा आहे. हिशेबाची वही तीच राहिली, तिच्यासमोर बसणारा माणूस तेवढा बदलत गेला : आधी राजा, मग नवा राज्यकर्ता, मग विद्वान आणि अखेरीस रोजंदारीवरची मजूर बाई. या शेवटच्या माणसाला तेथवर पोहोचावयास दोन हजार वर्षे लागली. तिला पुन्हा उठवून लावणे मात्र फार सोपे आहे. त्यासाठी कायदा रद्द करावा लागत नाही. तालिका न करणे, रिकामी पदे न भरणे, खोलीत पाणी गळू देणे आणि विचारणाऱ्याला ‘सापडत नाही’ असे गोड शब्दांत सांगणे एवढे पुरते.

या ग्रंथालयात शंभर वर्षे एक साधा रिवाज पाळला गेला. सभासदाने पुस्तकाचे नाव सांगावे, ग्रंथपालाने तालिका पाहावी आणि पुस्तक सभासदाच्या हाती द्यावे. ते कोणत्या कारणासाठी हवे, असे कोणी विचारले नाही. राज्यातील प्रत्येक दप्तरखान्यात हा रिवाज रुजेल त्या दिवशी भ्रष्टाचार संपेल असे नव्हे. पण त्याला लपावयास जागा उरणार नाही. त्या दिवसाची तयारी अशाच वास्तूंतून व्हावी आणि हे ग्रंथालय दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना तिची धुरा वाहणाऱ्यांत अग्रेसर असावे, ही सदिच्छा.